प्रोटॉन पट्ट्यातून निसटतो तेव्हा: ऊर्जेच्या सरळ रेषेवर विसंबू नका

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रकल्प सादर करण्याची तारीख जवळ आली की एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांकडून एकच तक्रार मला वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. संगणकावरच्या गणनेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन सोडला, पहिले काही सेकंद तो ठरल्याप्रमाणे गिरक्या घेत उत्तर-दक्षिण फिरला, आणि मग एक तर सरकत सरकत बाहेर जाऊन अवकाशात नाहीसा झाला, नाही तर थेट जमिनीवर येऊन आदळला. पुस्तकात तर लिहिलेले असते की असा कण पृथ्वीभोवतीच्या व्हॅन ॲलन (किरणोत्सारी) पट्ट्यात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे अडकून राहतो. मग आपलाच कण दोन मिनिटेही का टिकत नाही, असा प्रश्न पडतो. सोलापुरात या विषयावर समोरासमोर बसून बोलता येईल अशी माणसे थोडी आहेत, आणि रविवारी घरी येणाऱ्या मुलामुलींना मी जे पुन्हा पुन्हा सांगतो ते एकदा नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी कणाने काय करायला हवे ते पाहू, कारण अपेक्षित वर्तन आकड्यांत ठाऊक नसेल तर बिघाड कशाला म्हणायचे हेच ठरत नाही. शहराच्या पूर्व भागात ज्यांनी चादरीचा माग चालताना पाहिला आहे त्यांना हे चटकन समजते. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, तिथून परत फिरतो, आणि त्याच्या शेकडो फेऱ्या होत असताना विणलेले कापड संथपणे रुळावर गुंडाळले जात असते. अडकलेल्या कणाच्याही अशाच गती आहेत. तो क्षेत्ररेषेभोवती झपाट्याने गिरक्या घेतो. त्या रेषेवरून उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतील दोन आरसाबिंदूंमध्ये, म्हणजे जिथून तो परत फिरतो त्या जागांमध्ये, धोट्यासारखा ये-जा करतो. आणि हे चालू असतानाच पृथ्वीला हळूहळू प्रदक्षिणा घालतो. या तिसऱ्या गतीला आपण ड्रिफ्टच म्हणू, कारण मराठीतून बोलतानाही सगळे तोच शब्द वापरतात. या तिन्ही गतींच्या वेळांत मोठे अंतर आहे आणि साऱ्या अडचणींचे मूळ त्या अंतरात आहे.

मी प्रत्येकाला एकच नमुना-कण देतो: १ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन, पृथ्वीच्या केंद्रापासून ४ पृथ्वी-त्रिज्या अंतरावर, चुंबकीय विषुववृत्तावर, ४५ अंशांच्या पिच कोनाने सोडलेला. पिच कोन म्हणजे कणाचा वेग आणि क्षेत्ररेषा यांच्यामधला कोन. क्षेत्र साध्या द्विध्रुवाचे, म्हणजे पट्टीचुंबकासारखे, घ्यावे. जमिनीवर विषुववृत्तापाशी ते सुमारे ३१,००० नॅनोटेस्ला असते, म्हणजे ४ त्रिज्यांवर त्याचा चौसष्टावा भाग, सुमारे ४८४ नॅनोटेस्ला उरतो. अशा प्रोटॉनची विषुववृत्तावरील एक गिरकी सुमारे ०.१४ सेकंदात पूर्ण होते, उत्तर-दक्षिण एक पूर्ण फेरी सुमारे २.१ सेकंदांत होते, आणि पृथ्वीभोवतीची प्रदक्षिणा सुमारे ७३ सेकंदांची असते. आरसाबिंदूवर क्षेत्र विषुववृत्तावरच्या बरोबर दुप्पट असायला हवे आणि तो बिंदू सुमारे २३ अंश चुंबकीय अक्षांशावर यायला हवा. या प्रोटॉनच्या गिरकीची त्रिज्या जवळजवळ ६७० किलोमीटर असल्यामुळे, ४ त्रिज्यांवर आपण कण ठेवतो की त्याच्या गिरकीचे केंद्र, यावरून प्रदक्षिणेच्या वेळेत दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. तेवढा फरक बिघाड समजू नये.

ऊर्जा बदलत असेल तर

चुंबकीय बल नेहमी वेगाला लंब असते, म्हणून ते कणावर कार्य करत नाही. फक्त चुंबकीय क्षेत्र असताना कणाची ऊर्जा बदलली तर दोष निसर्गाचा नसून गणनेचा आहे, हे निःशंकपणे म्हणता येते. इथे जवळजवळ प्रत्येक वेळी दोष गणनपद्धतीत सापडतो.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण ऑयलरची पद्धत वापरतात: आत्ताच्या वेगावरून बल काढायचे आणि त्या बलाच्या दिशेने वेळेचे एक छोटे पाऊल पुढे टाकायचे. पण वर्तुळावरून फिरणारा माणूस प्रत्येक पाऊल स्पर्शरेषेच्या दिशेने टाकू लागला तर तो दर पावलाला थोडा बाहेर पडणारच. एका गिरकीला सुमारे ६३ पावले घेतली, तर ऑयलरच्या पद्धतीत कणाची क्षेत्ररेषेला लंब दिशेची ऊर्जा दर पावलाला १ टक्का वाढते आणि एकच गिरकी पूर्ण होईपर्यंत ती ८७ टक्क्यांनी फुगलेली असते. गिरकीची त्रिज्या वाढत जाते, कण बाहेरच्या क्षीण क्षेत्रात पोहोचतो, तिथे त्रिज्या आणखी वाढते, आणि तो निघून जातो. अवकाशात नाहीशा होणाऱ्या प्रोटॉनची बहुतेक वेळा एवढीच कथा असते. पाऊल लहान करून हा रोग लांबतो, पण बरा होत नाही.

मग विद्यार्थी चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टा पद्धतीकडे वळतात आणि आता सगळे ठीक होईल असे समजतात. या पद्धतीचा दोष उलट दिशेचा आणि अधिक फसवा आहे, कारण ती लंब दिशेची ऊर्जा हळूहळू खाते. एकसमान क्षेत्रात गिरकीला २१ पावले घेतली तर ५०० गिरक्यांमध्ये १० टक्के ऊर्जा जाते, आणि १२-१३ पावलेच घेतली तर तेवढ्याच गिरक्यांनंतर मूळच्या चौथ्या हिश्शाहून जेमतेम थोडी अधिक उरते. दहा-वीस गिरक्यांचा आलेख पाहून समाधान मानणाऱ्याला हे दिसत नाही, आणि आपल्या नमुना-प्रोटॉनच्या एका प्रदक्षिणेत तर ५००हून अधिक गिरक्या असतात.

जमिनीवर आदळणाऱ्या कणाचे कारणही इथेच आहे, आणि ते थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. समजा, ४ त्रिज्यांवरच्या विषुववृत्तावर पिच कोन ४५ ऐवजी १० अंश घेतला. अशा कणाच्या आरसाबिंदूवर क्षेत्र विषुववृत्ताच्या ३३ पट असते. विषुववृत्तावर गिरकीला ६० पावले पडतील असे पाऊल निवडून तेच शेवटपर्यंत ठेवले, तर आरसाबिंदूपाशी एका पूर्ण गिरकीला दोन पावलेही मिळत नाहीत. वाटेत क्षेत्र दहापट होते त्या जागीच रुंगे-कुट्टा पावलागणिक सुमारे दीड टक्का लंब ऊर्जा गिळू लागते. क्षेत्ररेषेच्या दिशेची गती मात्र तशीच राहते. म्हणजे पिच कोन लहान होतो, परत फिरवणारे बल दुबळे होते, कण आणखी खोल जातो, तिथे क्षेत्र अधिक प्रबळ म्हणून ऊर्जा आणखी वेगाने जाते, आणि जिथून त्याने मागे फिरायला हवे होते तो बिंदू ओलांडून तो सरळ वातावरणात शिरतो. खरे पाहता ४ त्रिज्यांवरच्या क्षेत्ररेषेसाठी नाश-शंकूचा कोन, म्हणजे ज्याहून लहान पिच कोनाचे कण वातावरणात शिरून नष्ट होतात तो कोन, सुमारे ५.३ अंश आहे. १० अंशांचा कण त्याच्या बाहेर आहे आणि सुमारे ३,१०० किलोमीटर उंचीवरून त्याने परतायला हवे. विद्यार्थी अहवालात ‘कण नाश-शंकूत सापडला’ असे लिहून मोकळा होतो. कण शंकूत सापडतो खरा, पण त्याला तिथे आपल्या पावलाने ढकललेले असते. पाऊल नेहमी कणाच्या वाटेवरील सर्वांत प्रबळ क्षेत्रावरून, म्हणजे आरसाबिंदूवरच्या क्षेत्रावरून ठरवावे.

उपाय जुना आणि साधा आहे. जे. पी. बोरिस यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूच्या, गणनेत आजही सर्वाधिक वापरली जाते. तिचे मर्म असे की चुंबकीय बल वेगाला केवळ वळवते, म्हणून गणनेतही वेगाला काहीही न मिळवता त्याला फक्त वळवायचे. विद्युत क्षेत्र असेल तर त्याचा निम्मा झटका आधी, मग चुंबकीय वळण, मग उरलेला निम्मा झटका. वळण देण्याच्या दोन ओळींमध्ये एक भाजक असतो: एक अधिक अर्ध्या वळणाच्या सदिशाचा वर्ग. तो भाजक लिहायचा राहिला तर वेगाचे मान टिकत नाही आणि पद्धतीचा सगळा फायदा जातो. मी तपासलेल्या प्रोग्राममध्ये सर्वांत जास्त वेळा आढळलेली चूक ही आहे. भाजक बरोबर असेल तर निव्वळ चुंबकीय क्षेत्रात लाखो पावलांनंतरही वेगाचे मान पहिल्या दहा-बारा अंकांपर्यंत तसेच राहते.

ऊर्जा बदलत नसेल, तरीही

खरी अडचण इथून पुढे आहे, आणि हे टिपण लिहिण्याचे कारणही तेच आहे. बोरिसची पद्धत बसवली की ऊर्जेचा आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ येतो, आणि तो सरळ आला म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे असे मानून विद्यार्थी पुढे जातात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. बोरिसच्या पद्धतीत तुम्ही कोणतेही चुंबकीय क्षेत्र द्या, चिन्ह उलटे असलेले, एकके चुकलेले, निसर्गात असूच न शकणारे, ऊर्जा सरळच राहणार. कारण ती वेगाला वळवण्यापलीकडे काही करतच नाही. सरळ रेषा फक्त एवढेच सांगते की वळणाच्या दोन ओळी बरोबर आहेत.

गेल्या वर्षीचे एक उदाहरण सांगतो. एक विद्यार्थिनी प्रोग्रामच्या छापील प्रती घेऊन आली. ऊर्जा बाराव्या अंकापर्यंत स्थिर होती. पहिले आठ-दहा सेकंद नमुना-प्रोटॉन अगदी पुस्तकातल्यासारखा २३ अंशांवरून परतत होता. त्यानंतर मात्र आरसाबिंदूचे अक्षांश सरकू लागले आणि प्रदक्षिणा पाव होईपर्यंत ते ओळखू येईनासे झाले. “सर, पाऊल दहापट लहान करून पाहिले, तरी तेच येते,” असे ती म्हणाली, आणि हे तिने फार चांगले केले होते, कारण पाऊल लहान करूनही जे बदलत नाही ते पावलामुळे होत नाही, एवढे त्यातून निश्चित झाले. मी तिला तोच कण शून्य रेखांशाऐवजी ९० अंश रेखांशावरून सोडायला सांगितले. द्विध्रुवाचे क्षेत्र अक्षाभोवती सर्व बाजूंनी सारखे असते, त्यामुळे कण कुठूनही सोडला तरी ये-जा करण्याची वेळ तीच यायला हवी. ती तशी आली नाही. मग फरशीवर कागद पसरून आम्ही क्षेत्राच्या तीन ओळी तांबड्या पेन्सिलीने तपासल्या. पहिल्या घटकाच्या ओळीत गुणक ३ होता; दुसऱ्या घटकाच्या ओळीत तो टंकायचा राहिला होता. कण शून्य रेखांशावरून सुटत असल्यामुळे सुरुवातीला दुसरा घटक जवळजवळ शून्यच होता, आणि चूक झाकलेली राहिली. कण जसजसा ड्रिफ्ट होत गेला तसतशी ती वर आली.

अशा चुका पकडण्यासाठी एक राशी फार उपयोगी आहे, आणि ती न तपासता मी कोणाचाही आलेख स्वीकारत नाही. अक्षाभोवती सममित असलेल्या क्षेत्रात कणाचा एकूण कोनीय संवेग काटेकोरपणे स्थिर राहतो. मात्र त्यात कणाच्या स्वतःच्या संवेगाबरोबर क्षेत्राचाही वाटा धरावा लागतो. पृथ्वीसारख्या द्विध्रुवासाठी तो असा काढावा: कणाचे अक्षापासूनचे अंतर गुणिले त्याचा पूर्वेकडील संवेग, त्यातून वजा करायचे ते कणाचा प्रभार, जमिनीवरचे विषुववृत्तीय क्षेत्र, पृथ्वी-त्रिज्येचा घन आणि अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराला केंद्रापासूनच्या अंतराच्या घनाने भागून येणारी संख्या. नॉर्वेचे गणितज्ञ कार्ल स्टॉर्मर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ध्रुवीय प्रकाशाचा उलगडा करण्यासाठी विद्यार्थ्यांच्या मदतीने असे कणमार्ग हाताने, आकडेमोड करून काढले होते, आणि कण कोणत्या भागात कधीच पोहोचू शकत नाही हे त्यांनी याच राशीच्या आधाराने दाखवले. आपल्यापुढे यंत्र आहे, म्हणून त्यांची कसोटी सोडून देण्याचे कारण नाही.

बोरिसच्या पद्धतीत ही राशी तंतोतंत स्थिर राहत नाही. ती एका मर्यादेत वरखाली होते, आणि पाऊल निम्मे केले की ती वरखाली चौथाईवर येते. तसे झाले तर क्षेत्र आणि गणना दोन्हींवर विश्वास ठेवता येतो. पाऊल निम्मे करूनही हलणे तेवढेच राहिले तर क्षेत्राच्या ओळी तपासाव्यात. ही राशी काढताना एक खबरदारी घ्यावी लागते. बोरिसच्या पद्धतीत स्थान पूर्ण पावलावर आणि वेग अर्ध्या पावलावर असतो. ते तसेच एकत्र गुणले तर राशी गिरकीच्या तालात खोटीच डोलताना दिसते. आधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या पावलावरच्या वेगांची सरासरी घेऊन मगच ती मोजावी.

पाऊल मोठे असले तरी बोरिसची पद्धत कोसळत नाही, हा तिचा गुण आहे आणि धोकाही. वरच्या १० अंशांच्या उदाहरणात आरसाबिंदूपाशी कणाने एका पावलात सुमारे १९९ अंश वळायला हवे. बोरिसच्या पद्धतीत तो १२० अंशच वळतो आणि गिरकीची त्रिज्या खऱ्याच्या दुप्पट निघते. ऊर्जा सरळ, ये-जाही साधारण ठीक, आणि गिरकीबद्दलचे सगळे आकडे चुकीचे. ज्यांना अडकलेले कण आणि पट्ट्यातील विद्युतचुंबकीय तरंग एकमेकांवर काय परिणाम करतात हे अभ्यासायचे आहे त्यांचा पुढचा सारा अभ्यास या गिरकीच्या वेगावरच उभा असतो.

हे सांगताना मला नेहमी एक्सप्लोरर-१ या उपग्रहाची आठवण होते. १९५८ च्या जानेवारीअखेर सुटलेल्या या उपग्रहावर जेम्स व्हॅन ॲलन यांच्या गटाचा कण मोजणारा गायगर गणक होता, आणि कक्षेच्या उंच भागात तो काही वेळा शून्य दाखवत असे. तिथे कण नाहीत, असा अर्थ काढून थांबणे सोपे होते. पण सुटा गणक क्ष-किरणांसमोर धरून पाहिल्यावर दिसले की मारा फार झाला तरीही तो गप्प बसतो. शून्याचा अर्थ कण नाहीत असा नव्हता, कण गणकाच्या आवाक्याबाहेर होते असा होता. किरणोत्सारी पट्ट्यांचा शोध या शंकेतून लागला. आपल्या ऊर्जेच्या सरळ रेषेकडेही तशाच शंकेने पाहावे.

दिशा उलटी येत असेल तर

पृथ्वीभोवती प्रोटॉन पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे ड्रिफ्ट होतात. उलटे होत असेल तर द्विध्रुवाचे चिन्ह चुकले आहे. भौगोलिक उत्तरेजवळ असलेला चुंबकीय ध्रुव हा चुंबकाच्या भाषेत दक्षिण ध्रुव आहे, म्हणून विषुववृत्तावर क्षेत्र उत्तरेकडे रोखलेले असते. पुस्तकातला द्विध्रुव मात्र बहुधा वर रोखलेला असतो आणि त्याचे सूत्र जसेच्या तसे उतरवले की सगळे उलटते. ऊर्जा याबद्दलही काहीच सांगत नाही.

याची पडताळणी महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. पश्चिमेकडे जाणारे धन कण आणि पूर्वेकडे जाणारे ऋण कण मिळून पृथ्वीभोवती पश्चिमवाही वलयप्रवाह तयार होतो, आणि तो विषुववृत्ताजवळच्या जमिनीवरचे क्षेत्र घटवतो. म्हणूनच चुंबकीय वादळात अलिबागच्या वेधशाळेतील क्षैतिज क्षेत्राचा आलेख खाली कोसळतो. मुंबईत ट्रामगाड्या विजेवर धावू लागणार म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय मापन अलिबागला हलवण्यात आले. त्यापूर्वी, २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड वादळात, कुलाब्याला हे क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे, आणि त्या वादळाच्या अभ्यासात जगभर तिचा आधार घेतला जातो. तुमचे प्रोटॉन पूर्वेकडे जात असतील, तर तुमच्या प्रोग्रामनुसार वादळात अलिबागचा आलेख वर चढायला हवा.

चुंबकीय आघूर्ण स्थिर राहत नाही, ही तक्रार

लंब दिशेची ऊर्जा भागिले क्षेत्र, म्हणजे कणाचे चुंबकीय आघूर्ण, स्थिर असते असे शिकवले जाते, आणि आलेख काढला की ते गिरकीच्या तालात हलताना दिसते. यात बहुधा बिघाड काहीच नसतो. हे आघूर्ण मुळात अंदाजाने स्थिर आहे. आपल्या नमुना-प्रोटॉनला ९० अंशांनी सोडले तर गिरकीची त्रिज्या सुमारे ९५० किलोमीटर होते आणि एका गिरकीतच त्याला जाणवणारे क्षेत्र ११ टक्क्यांनी वर आणि खाली होते. तेवढे हेलकावे आघूर्णात दिसणारच. एका पूर्ण गिरकीची सरासरी घ्यावी आणि ती सरासरी दीर्घकाळ एका पातळीवर राहते का, एवढेच पाहावे.

सरासरीही सरकत असेल तर प्रश्न गंभीर आहे, पण तेव्हाही प्रोग्रामला दोष देण्याची घाई करू नये. १० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन ४ त्रिज्यांवर सोडला तर त्याच्या गिरकीची त्रिज्या सुमारे ३,०६० किलोमीटर होते, आणि तिथल्या क्षेत्ररेषेची वक्रता-त्रिज्या सुमारे ८,५०० किलोमीटरच आहे. एका गिरकीत क्षेत्राची दिशा आणि मान इतके बदलते की आघूर्ण स्थिर राहण्याची अटच मोडते. असा कण दीर्घकाळ अडकून राहायलाच नको. तोच प्रोटॉन दीड त्रिज्येवर सोडला तर गिरकी १६० किलोमीटरची आणि वक्रता-त्रिज्या ३,१९० किलोमीटरची, म्हणजे तो सुखाने अडकतो. इतक्या ऊर्जेचे प्रोटॉन आतल्या पट्ट्यात सापडतात आणि बाहेरच्या पट्ट्यात मुख्यतः इलेक्ट्रॉन असतात, यामागचे हे एक कारण आहे. बिघाड की भौतिकी, हे ठरवायला पाऊल निम्मे करण्याची कसोटी इथेही पुरते: सरकणे कमी झाले तर चूक गणनेची, सरासरीचे सरकणे तेवढेच राहिले आणि एकूण कोनीय संवेग स्थिर असला तर कण खरोखरच निसटत आहे, आणि ते अहवालात मान ताठ ठेवून लिहावे.

इलेक्ट्रॉन घेतला असेल तर

१० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनचा वेग शाळेतल्या सूत्राने काढला तर तो प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट येतो. खरा वेग प्रकाशाच्या ९४ टक्के आहे. सुरुवातीचा वेग छापून पाहण्याची सवय असेल तर ही चूक पहिल्याच मिनिटाला सापडते, आणि ती सवय नसेल तर चुकलेल्या ड्रिफ्टच्या वेळेचे कारण शोधण्यात आठवडा जातो. सापेक्षतेचा गुणक बोरिसच्या पद्धतीत सहज बसतो: वेगाऐवजी संवेग वळवायचा.

दुसरी अडचण वेळेची आहे. ४ त्रिज्यांवर ९० अंशांनी सोडलेल्या या इलेक्ट्रॉनची गिरकी सुमारे २२० मायक्रोसेकंदांची आणि प्रदक्षिणा सुमारे १६ मिनिटांची असते, म्हणजे एका प्रदक्षिणेत ४५ लाखांच्या आसपास गिरक्या. गिरकीला ६० पावले धरली तर २७ कोटी पावले होतात. घरच्या संगणकावर साध्या पायथनमध्ये हे करू नये. गिरकीचा तपशील नको असेल तर हान्नेस आल्फवेन यांनी दाखवलेल्या वाटेने फक्त गिरकीच्या केंद्राची गती सोडवावी. वेळ वाचवण्यासाठी ग्राफिक्स कार्डावर एकेरी अचूकतेत, म्हणजे सुमारे सातच अंक धरणाऱ्या संख्यांत, गणना करण्याचा मोह होतो, पण २५,४८४ किलोमीटर हे अंतर मीटरमध्ये लिहिले तर एकेरी अचूकतेत लगतच्या दोन संख्यांमध्ये २ मीटरचे अंतर पडते, आणि कोट्यवधी पावलांत ही गोळाबेरीज नडते. स्थान दुहेरी अचूकतेतच ठेवावे.

मध्येच वीज गेली तर

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, दुपारी वीज जाते आणि रात्रभर चाललेली गणना अर्ध्यावर तुटते. म्हणून सगळे जण मधून मधून स्थिती फाइलमध्ये उतरवतात, ते योग्यच आहे. पण पुन्हा सुरू केल्यानंतर कोनीय संवेगाच्या आलेखात एक बारीक पायरी दिसते, आणि दर खंडाला एक नवी पायरी. याची मला दोन कारणे सापडली आहेत. एक, संख्या सहा-सात अंकांत छापून ठेवलेल्या असतात आणि उरलेले अंक गळतात. त्या दुहेरी अचूकतेच्या द्विमान स्वरूपात साठवाव्यात. दुसरे कारण अधिक लपलेले आहे. सुरुवात करताना वेग अर्धे पाऊल मागे नेण्याची एक ओळ असते, आणि पुन्हा सुरू करताना तीच ओळ पुन्हा चालते, जरी साठवलेला वेग आधीच अर्धे पाऊल मागे असतो. दर वेळी कण गिरकीत थोडा मागे फिरवला जातो आणि त्याच्या गिरकीचे केंद्र सरकते. ऊर्जा जागची हलत नाही. फाइलमध्ये वेग कोणत्या क्षणाचा आहे याची खूण ठेवावी आणि ती पाहूनच ही ओळ चालवावी. तपासण्यासाठी विजेची वाट पाहायला नको: तीच गणना एकदा अखंड चालवावी, एकदा मुद्दाम मध्ये तोडून पुन्हा सुरू करावी, आणि दोन्हींचे शेवटचे स्थान शेजारी छापावे. शेवटचा अंकही जुळला पाहिजे.